वॅगनआरची पंधरावी आणि आईची साक्ष
आमच्या वॅगनआरला १५ वर्षं झाली, म्हणजे आरसी (गाडीची नोंदणी) संपत आली, आता आरटीओत गाडी दाखवून पुढची ५ वर्षं मागायची. त्याचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, मुदतीच्या ६० दिवस आधीपासून भरता येतो हे मला कळलं तेव्हा वीसच दिवस उरले होते. बाबा म्हणे विकून टाक, पण भंगारवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मलाच वाईट वाटलं.

मग काय, दोन रविवार इंदूरच्या लोकमान्य नगरात फाटकासमोर मी अन् गाडी. पहिला अख्खा रविवार इंजिनात घातला, ऑइल, एअर फिल्टर, प्लग काढून घासले, पीयूसीला बरं झालं पण बाकी कुणी विचारलंसुद्धा नाही.

खरं काम हेडलाइटचं. पिवळेधम्मक झालेले. टूथपेस्टने घासून चमकतात हो, पण थोडे दिवसच, कारण ती काच नाहीच, प्लास्टिक आहे आणि उन्हाने वरचा थर खराब होतो. तो थर काढायलाच लागतो, म्हणून ८०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा सँडपेपर), मग १५००, मग २०००, सारखं पाणी मारत मारत, वर पॉलिश. खांदा दोन दिवस दुखत होता पण लाइट असे दिसले की शेजारचे काका विचारायला आले, नवीन बसवले का रे?

टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात, रबर झिजून तिथवर आलं की १.६ मिमीच उरलं समजायचं. माझ्या टायरांत खाच भरपूर होती, पण बाजूला २३१७ लिहिलेलं, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा, आणि कडेला भेगा. मागचे दोन बदलले, नाइलाज.

शेवटी आईला मागे उभं करून एकेक दिवा लावला. ब्रेक? लागला. रिव्हर्स? लागला. इंडिकेटर? हो रे बाबा, लागला.

सकाळी पोहे हाणून नायता मुंडल्याला आरटीओत. हॉर्न, वायपर, बेल्ट, चेसिस नंबर, सगळं ओके, आणि साहेब मागे जाऊन वाकले. नंबरप्लेटचा दिवा बंद! ५ वॅटचा एवढासा बल्ब. बाहेरच्या दुकानातून आणला तरी लागेना, होल्डर गंजलेला, किल्लीने खरवडला तेव्हा कुठे लागला.

घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणते, "तू दिवे बघ म्हणालास, ते बघितले. नंबर वाचायला कुठे सांगितलंस?"