भुंड्या हातांची ड्यूटी

इंग्लंडच्या सरकारी इस्पितळात नर्सच्या कोपराखाली काही चालत नाही. बांगडी नाही, घड्याळ नाही, इंदूरच्या खजराण्याच्या गणपतीचा लाल धागासुद्धा नाही. २००७ मध्ये जाहीर झालेला नियम. बिनखड्याची साधी लग्नाची अंगठी तेवढी चालते. नेलपॉलिश नको, बाह्या कोपराच्या वर. इंदूरहून येणाऱ्या मुली इथेच पहिल्यांदा बिचकतात. भुंड्या हातांनी रामबागेतल्या घरातून निघालं तर आजी दारातच अडवेल!

तरीही नियम पटतो. बांगडीखाली सॅनिटायझर नीट पोचत नाही, साबणपाणी अडकतं, ती जागा ओलीच राहते. आणि कोरड्या कातडीपेक्षा ओल्या कातडीवरून जंतू सहज पसरतात. वर हात हलला की तीच बांगडी एका पेशंटच्या चादरीला लागते आणि दुसऱ्याच्या ड्रेसिंगला. काचेची असेल तर ग्लोव्हही फाडते. सोन्याची असली म्हणून जंतू काही मान ठेवत नाहीत.

सॅनिटायझर तळहाताचा खळगा भरेल एवढा घ्यायचा, २० ते ३० सेकंद चोळायचा आणि हातावरच वाळू द्यायचा. पुसायचा नाही. सुटणाऱ्या जागा ठरलेल्या: अंगठे, बोटांची टोकं, बेचक्या. साबणपाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात. जुलाबाच्या पेशंटनंतर मात्र साबणपाणीच. जुलाब लावणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूचे स्पोअर, म्हणजे त्याची टणक कवचातली झोपी गेलेली रूपं, सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने मरत नाहीत, ते घासून वाहूनच घालवावे लागतात.

आता आपली बाजू. इथे इंग्लंडात खाटेखाटेशी सॅनिटायझर असतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वॉर्डाच्या टोकाला एक बेसिन आणि एका सिस्टरच्या माथी अख्खा वॉर्ड. आपल्या सिस्टर हात धूत नाहीत म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी प्रत्येक पेशंटमागे खाट ते बेसिन अशी फेरी मारून बघावी. आणि ग्लोव्हजचा सोस इथेही होताच की! लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या इस्पितळाला २०१८ मध्ये विनाकारण ग्लोव्ह घालू नका म्हणून मोहीम काढावी लागली. पेशंट, मग फोन, मग ड्रिप, सगळं एकाच ग्लोव्हने केलं तर घाण फक्त जागा बदलते. ग्लोव्ह काढल्यावरही हात धुवायचेच. त्याला न दिसणारी छिद्रं असू शकतात, आणि काढताना मनगटाला घाण लागते ती वेगळीच.

कचरा वेगळा करायला इंदूरकराला कोणी शिकवू नये. पण रंग बदलले की आपलाही हात चुकतो. आपल्या इस्पितळी कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत रक्ताचं ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. ड्रिपची नळी आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. इथे संसर्गाचं ड्रेसिंग नारिंगी पिशवीत जातं. लाल पिशवी असते ती संसर्ग झालेल्यांच्या मळक्या चादरींची, पाण्यात विरघळणारी, म्हणजे न उघडता मशीनमध्ये टाकता येते. सवयीने सिरिंज तिच्यात गेली तर ती सापडते लॉन्ड्रीवाल्याला, आणि तिला सुई राहिली असेल तर त्याच्या बोटाला.