ऱ्हाईनकाठची हिल्डेगार्ड

जर्मनीतल्या बिंगेनला नाहे नदी ऱ्हाईनला मिळते. नाहेच्या पलीकडे बिंगरब्रुकला गेलं की जिथे रुपर्ट्सबर्गचा मठ असायला हवा, तिथे घरं आणि रेल्वेचे रूळ दिसतात. १६३२ मध्ये स्वीडिश सैन्याने मठ उद्ध्वस्त केला आणि उरलेसुरले अवशेष १८५७ मध्ये रेल्वेसाठी पाडले गेले. जुन्या चर्चच्या काही कमानी एका इमारतीत तगून आहेत, एवढंच. तरीही ही जागा बघायचीच होती, कारण बाराव्या शतकातली संत आणि गीतकार हिल्डेगार्ड हिने ती भांडून मिळवली होती.

तिचा जन्म १०९८ चा, सरदार घराण्यातला. आईवडिलांनी तिला लहानपणीच देवाला वाहिलं. १११२ मध्ये युटा नावाच्या तपस्विनीबरोबर ती डिसिबोडेनबर्गच्या मठात कोंडून घेतली गेली. ११३६ मध्ये युटा वारली आणि तिथल्या धर्मभगिनींनी हिल्डेगार्डला प्रमुख केलं. बालपणापासून तिला एक प्रकाश दिसे. तो झोपेत किंवा भ्रमात नव्हे, जागेपणी दिसतो, असं ती ठासून सांगते. ११४१ मध्ये तिने ही दर्शनं लिहायला घेतली आणि पोप तिसरे युजीन यांनी त्या लेखनाला पाठिंबा दिला. मग तिने धर्मभगिनींसाठी स्वतंत्र मठ मागितला. मठाधिपती कूनो नाही म्हणाले, तशी तिने अंथरूण धरलं. शेवटी कूनोंनी स्वतः तिला उठवून पाहिलं, पण ती हलेना, आणि मग त्यांना परवानगी द्यावी लागली. ११५० च्या सुमारास वीसेक जणींना घेऊन ती इथे, रुपर्ट्सबर्गला आली. तिची दर्शनं मी भक्तीने वाचते, पण जीव जडलाय तो तिच्या या हट्टावर.

तिचा शेवटचा लढाही इथलाच, आणि तो गाण्यासाठी होता. ११७८ मध्ये मठाच्या दफनभूमीत एका सरदाराला पुरलं. तो पूर्वी धर्मबहिष्कृत होता, मात्र मरण्याआधी त्याला क्षमा मिळाली होती. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी प्रेत उकरून बाहेर टाकायला सांगितलं. ऐंशी वर्षांच्या हिल्डेगार्डने साफ नकार दिला. शिक्षा म्हणून मठातला मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, बंद झाला आणि गायनही. प्रार्थना फक्त दारं लावून, हळू आवाजात म्हणायच्या. जिने सत्तरहून अधिक भक्तिगीतं रचली, जिच्या संगीतनाटकात सगळे सद्गुण गातात आणि एकटा सैतानच गाऊ शकत नाही, तिच्यावर ही बंदी! तिने माइन्झला पत्र लिहिलं: देवाची स्तुती विनाकारण बंद पाडणाऱ्यांना स्वर्गातल्या स्तुतिगायनात जागा मिळणार नाही. मार्च ११७९ मध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला ती गेली.

बिंगेनहून फेरीबोटीने रुडेसहाइमला उतरले आणि द्राक्षमळ्यांतून चढ चढत सेंट हिल्डेगार्डच्या मठात पोचले. ही इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. आजही इथे बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने जगणाऱ्या, धर्मभगिनी राहतात आणि स्वतः वाइन करतात. सायंप्रार्थनेला बसले. अर्ध्या जणी लॅटिन स्तोत्राची एक ओळ गातात, दुसऱ्या अर्ध्या पुढची उचलतात आणि प्रत्येक ओळीच्या मध्यावर सगळ्या क्षणभर थांबतात. त्या थांब्यात मला सारखी ती बंदी आठवत होती, आणि स्तोत्र पुन्हा सुरू झालं की बरं वाटत होतं.

तिच्या दर्शनांचं सचित्र हस्तलिखित दुसऱ्या महायुद्धात सुरक्षिततेसाठी ड्रेसडेनला नेलं होतं. ते १९४५ नंतर बेपत्ता झालं. नशीब, की इथल्या धर्मभगिनींनी १९२७ ते १९३३ या काळात त्याची हुबेहूब नक्कल चर्मपत्रावर हाताने उतरवून ठेवली होती. त्या चित्रांचे रंग आज आपल्याला दिसतात ते त्यांच्यामुळेच. तिच्या लेखनाचा आणि गाण्यांचा महाकाय ग्रंथही ड्रेसडेनलाच होता. तो मात्र १९४८ मध्ये गुपचूप परत आणला गेला आणि आता वीसबाडेनला आहे.

मठाच्या दुकानात स्पेल्ट या जुन्या जातीच्या गव्हाचे पदार्थ मिळतात. तिच्या औषधी ग्रंथात या गव्हाची आणि आपल्या बडीशेपेचीही मनापासून तारीफ आहे. खाली आयबिंगेन गावात, तिने ११६५ मध्ये स्थापलेल्या दुसऱ्या मठाच्या जागी, आता गावचं चर्च आहे. तिथल्या सोनेरी पेटीत तिच्या अस्थी आहेत. २०१२ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिला चर्चच्या आचार्यांत, म्हणजे ज्यांची शिकवण चर्च खास मानतं अशा संतांत, स्थान दिलं, तेही मृत्यूनंतर ८०० हून जास्त वर्षांनी! जमलं तर १७ सप्टेंबरलाच जा. त्या दिवशी ती पेटी गावातून मिरवतात.