वखारीची रेल्वे आणि पाय असलेलं यंत्र

ह्यूस्टनहून लुईझियानातल्या अलेक्झांड्रियाकडे जाताना एकदा पाइनची झाडं सुरू झाली की संपायचं नाव घेत नाहीत. पहिला तास बरं वाटतं, दुसऱ्या तासाला बायको झोपते. माझं लहानपण आजोबांच्या लाकडाच्या वखारीत गेलं, त्यामुळे सुट्टीत लोक समुद्रावर जातात आणि मी घरच्यांना सॉ मिल दाखवायला नेतो. त्याबद्दल मी अनेकदा बोलणी खाल्ली आहेत.

लाँग लीफ हे नाव नकाशावर गावाचं असलं, तरी तिथे बघायचं ते एकच: १८९२ साली क्रोवेल आणि स्पेन्सर या भागीदारांनी काढलेली सॉ मिल. १४ फेब्रुवारी १९६९ला ती बंद झाली, आणि यंत्रं होती तिथेच राहिली. आता त्या ५७ एकरांत 'सदर्न फॉरेस्ट हेरिटेज म्युझियम' आहे. आत शिरायचं ते कंपनीच्या जुन्या दुकानातून. घर कंपनीचं, किराणा कंपनीचा. पगार फिरून मालकाच्याच गल्ल्यात.

करवतीच्या माळ्यावर चढलो. पत्र्याच्या भोकांतून ऊन येत होतं, आणि इतक्या वर्षांनंतरही राळेचा वास होता, किंवा मला तरी आला. तळ्यातून साखळीने ओंडका वर यायचा, गाड्यावर आडवा व्हायचा आणि वाफेच्या जोरावर पट्टा-करवतीवर जाऊन आदळायचा. आवाज एवढा की बोलणं अशक्य. कापणारा बोटांनी खुणा करायचा आणि गाड्यावरचा गडी त्या बघून ओंडका तेवढे इंच पुढे सरकवायचा. कापून उरलेला भुसा आणि साली बॉयलरमध्ये जायच्या. दुसऱ्या महायुद्धात इथलं लाकूड न्यू ऑर्लिन्सला, अँड्र्यू हिगिन्सच्या कारखान्यात गेलं. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिकांना उतरवणाऱ्या बोटी त्याच कारखान्याच्या घडणीच्या.

पण मी आलो होतो रेल्वेसाठी. गिरणी एका जागी आणि जंगल रोज थोडं लांब जाणारं, म्हणून रूळ जंगलामागे धावायचे. एका बाजूची झाडं संपली की फाट्याचे रूळ उखडायचे आणि पुढे टाकायचे. मुख्य मार्गाची मात्र १९०५ साली रीतसर कंपनी केली, नाव 'रेड रिव्हर अँड गल्फ'. गल्फपर्यंत, म्हणजे मेक्सिकोच्या आखातापर्यंत, ती कधी पोचलीच नाही. अशी भारदस्त नावं त्या काळी दक्षिणेत बऱ्याच गिरणीवाल्यांनी घेतली होती. त्यात व्यवहार होता: आपली लाइन सार्वजनिक रेल्वे ठरली, की मोठ्या रेल्वेच्या भाड्यात वाटा मागता येतो. हे मालकाला मागच्या दाराने दिलेलं कमिशन आहे, असा सरकारी आयोगाचा आक्षेप होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९१४ साली गिरणीवाले जिंकले. आमच्या आजोबांना ही युक्ती फार आवडली असती.

शेडमध्ये मॅकगिफर्ट लोडर उभा आहे. ओंडके डब्यांवर चढवणारं वाफेचं यंत्र. गंमत त्याच्या पायांत आहे. कामाच्या जागी आलं की ते रुळांच्या दोन्ही बाजूंना चार पाय टेकतं आणि स्वतःची चाकं पोटाशी उचलून घेतं. खालचा रूळ मोकळा! मग रिकामे डबे त्याच्या पायांमधून एकेक पुढे सरकतात आणि भरले जातात. काम झालं की चाकं खाली, पाय वर, आणि स्वारी पुढच्या जागी. मी वाकून पार आत जाऊन बघत होतो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, पँट बघा." गुडघ्यावर काळं ग्रीस. कपडे बदलले, डाग नाही गेला.

शेजारी क्लाइड कंपनीचा स्किडर. असा एवढाच उरलाय म्हणतात. त्याच्या चार तारा चारही दिशांना जंगलात जायच्या आणि आख्खे ओंडके फरफटत रुळांपाशी आणायच्या. वाटेत जे येईल ते आडवं. इथलं हे लाँगलीफ पाइनचं रान एकेकाळी व्हर्जिनियापासून पूर्व टेक्ससपर्यंत साधारण ९ कोटी एकरांवर होतं. झाडं कुऱ्हाड-करवतीने पडली, पण त्यांची पिल्लं या तारांखाली गेली, आणि पुन्हा उगवायला मागे काही उरेना.

आमच्यासोबत एक निवृत्त आजोबा होते, हौसेने माहिती सांगणारे. बाहेर पडताना फोटोसाठी मी रस्ता सोडून बाजूच्या हिरव्या झुबक्यावर पाय ठेवणार, तेवढ्यात ते ओरडले. मला वाटलं, साप. म्हणाले, "ते गवत नाही, झाड आहे." लाँगलीफचं रोप पहिली काही वर्षं असंच गवतासारखं जमिनीसरशी बसून असतं, वर काही दिसत नाही, मूळ खाली खोल उतरत असतं. रानाला वणवा लागला तरी पाती जळतात, आतला कोंब वाचतो. मी उकिडवा बसून त्याची एक सुई, म्हणजे सुईसारखं पान, बोटांनी मोजली. दीड वीत भरली.

"किती वर्षांचं असेल?" मी विचारलं.

"चारेक," ते म्हणाले, आणि त्या झुबक्याला वळसा घालून पुढे चालू लागले.