ऐरोलीच्या काचपेटीतली घटपर्णी: पावसाळा ते उन्हाळा, वर्षभराच्या नोंदी

ठाणे-नवी मुंबईत नेपेंथिस, म्हणजे पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या घटात किडे पकडणारी घटपर्णी, वाढवायची असेल, तर जात निवडताना दिवसाचं नाही, रात्रीचं तापमान बघा. ऐरोलीत आमच्या घरात मे महिन्यात मध्यरात्रीही पारा २८ च्या खाली उतरत नाही. बोर्निओ-सुमात्राच्या डोंगरमाथ्यांवरच्या जातींना रात्री १०-१५ अंशांचा गारवा लागतो. इथे तो फक्त विजेच्या जोरावर मिळेल, आणि वीज वारंवार जात राहिली की झाड खंगत जाईल. म्हणून माझ्या पेटीत दोनच जाती आहेत, दोन्ही सखल भागातल्या: अँपुलारिया आणि राफ्लेसियाना. व्हेंट्राटा ही संकरित घटपर्णी बाहेर बाल्कनीत टांगली आहे, ती बरंच काही सोसते.

पेटी म्हणजे तीन फुटी जुनी फिशटँक. तळाला गोटे आणि दोन बोटं पाणी, त्यावर प्लास्टिकची जाळी, जाळीवर कुंड्या. कुंडीचं बूड पाण्याला टेकता कामा नये, नाहीतर मुळं कुजतात. वर ६५०० केल्विनच्या (पांढऱ्या उजेडाच्या) दोन एलईडी ट्यूब, रोज बारा तास. एका कोपऱ्यात कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा. शेवाळ (लांब धाग्याचं स्फॅग्नम), परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे असं कुंडीतलं मिश्रण आहे. सोडणात मीठ असतं, त्यामुळे ते भिजवून, पाणी बदलून, निथळलेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मीटरवर खाली आल्यावरच वापरते. आपल्या उकाड्यात शेवाळ लवकर कुजून दबतं. त्याचा लगदा व्हायला लागला की कुंडी बदलायचीच.

पाण्याचा टीडीएस ५० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ५० भाग) आत हवा. आमच्या नळाचं पाणी मीटरवर त्याच्या दुपटीच्या घरात दाखवतं. तसं दिलं तर लगेच काही बिघडत नाही, पण क्षार कुंडीत साठत जातात आणि काही महिन्यांनी मुळं जळतात. जून ते सप्टेंबर पावसाचं पाणी धरते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली धूळ धुऊन जावी म्हणून सुरुवातीच्या सरी सोडून देते. पिंपावर बारीक जाळीचं कापड बांधलेलंच हवं, डासांचा धोका मोठा आहे. बाल्कनीतल्या पिचरमध्येही (घटपर्णीच्या घटात) वाकून बघत जा. रानात घटपर्णीच्या पाण्यात डासांच्या अळ्या सुखाने राहतात, त्या आपल्याकडेही राहतील. बाकीचे महिने आरओचं पाणी. आरओच्या टाकाऊ नळीतलं मात्र अजिबात नको, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात.

आता पावसाळ्याबद्दल. टेरेरियम म्हणजे झाकण लावून ठेवायची पेटी, ही समजूत आपल्या हवेला लागू पडत नाही. जुलैत खोलीतलाच ओलावा ८५ टक्क्यांच्या वर असतो. त्यात काच बंद ठेवली तर पानांवर काळे डाग आणि बुरशी. जून मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत झाकण काढून ठेवलं, पंखा दिवसभर चालू. वर्षातली सर्वांत चांगली वाढ याच दिवसांत झाली. अँपुलारियाने बुंध्यापाशी नवे फुटवे काढले आणि त्यांना सुपारीएवढ्या गुबगुबीत पिचरचा झुबका आला. हिरव्या अंगावर लाल ठिपके. रोज सकाळी चहा घेऊन तिथेच उभी राहायचे.

अँपुलारियाचं झाकण मागे मुडपलेलं असतं, पिचरचं तोंड आभाळाकडे उघडं. रानात ती मोठ्या झाडांच्या सावलीत असते आणि वरून पडणारा पालापाचोळा पोटात घेते. तिच्या पानांतल्या नायट्रोजनचा साधारण एक तृतीयांश वाटा या पाचोळ्यातून येतो, असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणून मी तिला किडे देत नाही. रस्त्याकडेच्या देशी बदामाची वाळलेली पानं धुऊन, नखाएवढे तुकडे करून पिचरमध्ये टाकते. नवी पानं गडद आणि रुंद येत आहेत. पण त्याच काळात उजेडही वाढवला होता, त्यामुळे सगळं श्रेय पाचोळ्याला देणार नाही. राफ्लेसियानाला नव्या पिचरमध्ये माशांच्या खाद्यातल्या वाळवलेल्या ब्लडवर्मची (लाल अळ्यांची) भिजवलेली चिमूट, बस. कुंडीत खत घालू नका, शेवाळावर हिरवी बुरसट साय धरते.

बाल्कनीतल्या व्हेंट्राटावर एक गोष्ट नक्की पाहा. कोरड्या दुपारी मुंग्या पिचरच्या काठावर बिनधास्त फिरतात, मध चाटतात आणि परत जातात. सर येऊन गेली, किंवा तुम्ही फवारा मारला, की त्याच काठावर त्याच मुंग्या घसरून आत. काठावरच्या बारीक खाचांमध्ये पाण्याचा पातळ थर पसरतो आणि मुंगीच्या पायाला पकड मिळत नाही. सापळा दिवसभर लागलेला नसतो, ओलाव्याबरोबर लागतो. कोरड्या वेळी सुटलेल्या मुंग्या बाकीच्यांना वाट दाखवत असतील, असं मला तासभर बघून वाटलं.

नोव्हेंबरपासून हवा कोरडी होत जाते आणि तेव्हापासून पेटीचं खरं काम सुरू होतं. सासरे निवृत्त झाल्यापासून सकाळ-दुपार-रात्र तापमान आणि ओलावा वहीत लिहितात. फेब्रुवारीत एका दुपारी त्यांचा फोन आला, "अगं, ओलावा बावन्नवर आलाय. पंखा बंद करू का?" म्हटलं, "नको बाबा, पंखा राहू द्या. झाकण सरकवून लावा आणि एक फवारा मारा." त्या आठवड्यात राफ्लेसियानाच्या दोन तंतूंची (पानाच्या टोकाचा तंतू फुगूनच पिचर होतो) टोकं फुगता फुगता तपकिरी पडून वाळली. वहीतल्या नोंदी शेजारी ठेवल्यावर कारण स्पष्ट दिसलं. टोक फुगण्याच्या काळात ओलावा सलग ६० च्या खाली गेला की पिचर धरत नाही. टोक अजिबातच फुगत नसेल आणि पान लांब, मऊ, गडद हिरवं येत असेल, तर ओलाव्यामागे लागू नका, उजेड कमी पडतोय. कुंडी नुकतीच बदलली असेल तर मात्र दोन-तीन पानं धीर धरा.

मार्च ते मे दिव्यांची वेळ बदलते. टायमर रात्री २ ला दिवे लावतो, दुपारी २ ला बंद करतो. दुपारच्या उकाड्यात दिव्यांची उष्णता भर घालत नाही, आणि काचेच्या आतलं तापमान ३४-३५ वर थांबतं. पेटी पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला.

खासियाना लावू का, असं बरेच जण विचारतात. भारतात रानटी वाढणारी ही एकमेव घटपर्णी, मेघालयातल्या खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांची. ती धोक्यात आहे, साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचं नाव आहे. टिश्यू कल्चरचं (प्रयोगशाळेत वाढवलेलं) किंवा बियांपासून केलेलं रोप असल्याची खात्री असेल तरच घ्या. जाड वाळलेला बुंधा आणि ओरबाडलेली मुळं असलेलं स्वस्त झाड दिसलं तर ते जंगलातून उपटलेलं असण्याची शक्यता मोठी. अशी झाडं आपण विकत घेतो म्हणूनच उपटली जातात, आणि याचा मला मनापासून राग येतो.

बायकॅल्कराटा या आणखी एका जातीचा मोह आहे, झाकणाखालचे तिचे दोन सुळे बघून कोण भाळणार नाही. पण तिचा पसारा तीन फुटी पेटीत मावणारा नाही, म्हणून सध्या राफ्लेसियानालाच जागा मोकळी करून देते आहे. व्हेंट्राटाची छाटणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात करेन. दोन-तीन पेरांचे तुकडे ओल्या शेवाळात लावायचे, पानं अर्धी कापायची, वर प्लास्टिकची पिशवी. मुळं धरायला महिना-दोन महिने लागतात. ज्यांना हे तुकडे हवे असतील त्यांनी आत्ताच शेवाळ भिजवून ठेवा.