फक्कीच्या रेषा आणि आमचे पी.टी.चे सर

स्मरणिकेसाठी समितीचा व्हॉट्सॲप मेसेज आला की आपल्या मिशनरी शाळा-कॉलेजांतून घडलेले खेळाडू, धर्मगुरू, पुढारी यांच्यावर चार शब्द लिहा. लिहितो, पण आधीच सांगून ठेवतो, माझी गाडी शेवटी पी.टी.च्या सरांवरच येणार. ज्यांना चालणार नाही त्यांनी पान उलटावं.

सर मूळचे धाराशिवकडचे, गोरोबाकाकांच्या तेरजवळच्या गावचे. गळ्यात तुळशीची माळ आणि नोकरी वसईत फादर लोकांच्या शाळेत! एकादशीला डब्यात साबुदाण्याची खिचडी आणि संत गोन्सालोच्या सणाला आमच्या घरी पंगतीत हजर, त्यांच्यापुरतं आई वेगळं वालाचं बिरडं करायची. आम्हाला पोरांना यात काही विशेष आहे असं कधी वाटलंच नाही.

सरांचा दम द्यायचा प्रकारच वेगळा होता. राऊंड मारताना कोणी मध्येच बसला की म्हणायचे, "अरे तुमच्या वसईचा गोन्सालो जपानपर्यंत गेला, तिथे धंदा केला, ब्रदर झाला, 1597 ला नागासाकीत क्रुसावर चढला, आणि तुला दोन राऊंडला धाप लागते?" खेळाडूंचंही तेच. गावसकर झेवियर्सचा, रवी शास्त्री माटुंग्याच्या डॉन बॉस्कोचा. 1985 ला शास्त्रीने वानखेडेवर तिलक राजला एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले ना, तेव्हा दुसऱ्या दिवशी असेंब्लीनंतर सर आम्हाला म्हणाले, "डॉन बॉस्कोचंही फादर लोकांचं ग्राउंड, हेही फादर लोकांचंच. आता कारण काय सांगता बोला." आता शास्त्रीच्या ग्राउंडवर आणि आमच्या केळीच्या वाडीशेजारच्या ग्राउंडवर काय फरक होता हे त्यांना कोण सांगणार?

स्पोर्ट्सच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ट्रॅक आखायचा असायचा, त्याला मी नववीपासून. मधोमध खुंटी ठोकायची, तिला बाइंडिंग वायर बांधून अर्धगोल फिरायचं आणि मागून एकजण फक्की, म्हणजे चुन्याची पांढरी पूड, सोडत यायचा. सुतळी चालायची नाही, दव पडलं की तिची लांबी बदलते आणि गोल बिघडतो, हे सरांचं ठाम मत. एकदा असंच अंधार पडायला लागलेला आणि प्रिन्सिपल फादर टॉर्च घेऊन आले. 200 मीटरच्या, म्हणजे आमच्या ट्रॅकच्या एका फेरीच्या, शर्यतीच्या सुरुवातीच्या खुणा बघून म्हणाले, "सर, हा बाहेरचा मुलगा इतका पुढे का? पालक भांडतील उद्या." सरांनी उत्तरच दिलं नाही, माझ्या हातात काठी दिली आणि म्हणाले, "सांग रे फादरांना." मी मातीत दोन गोल काढले. लेन 1.22 मीटरची, म्हणजे बाहेरच्या गोलाची त्रिज्या तेवढी जास्त, दोन गुणिले पाय (π) गुणिले 1.22, एका पूर्ण फेरीला 7.66 मीटर. ग्राउंड केवढंही असो, दर लेनला तेवढंच पुढे सोडायचं. फादरांनी टॉर्च मातीवर धरून दोनदा गुणाकार करायला लावला, मग हसून म्हणाले, "गणिताच्या पेपरात का येत नाही हे तुला?" खरं होतं, पेपरात यायचं नाही. काठी हातात असली की यायचं.

आज मी मस्कतला सर्व्हेयर आहे, हाताखाली बारा-पंधरा माणसं, टोटल स्टेशनचं मोजणी यंत्र, जीपीएस सगळं आहे, पण नवीन पोराला वर्तुळाचा लेआउट शिकवताना मी अजून खुंटी आणि बाइंडिंग वायरच देतो. वैतागतात बिचारे.

धर्मगुरूंबद्दल लिहायचं तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. हरित वसईसाठी ते बिल्डर लॉबी आणि गुंडगिरीसमोर उभे राहिले तेव्हा आमच्यातल्या कित्येकांचे आईबाप मोर्च्याला जायचे. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमी मिळालं, आणि जानेवारी 2020 ला ते 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेही उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, सरांच्या जिल्ह्यात! ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून काहींनी विरोध केला होता, सर भयंकर चिडलेले. रिटायर होऊन गावी गेलेला माणूस, गुडघे दुखतायत तरी एसटीने संमेलनाला गेले आणि मांडवातूनच मला मस्कतला फोन, "अरे, आपल्या वसईचे फादर माझ्या गावाला आलेत, आणि तुकोबांवर बोलतायत!" 2024 च्या जुलैमध्ये फादर गेले तेव्हाही पहिला फोन सरांचाच. त्या दिवशी बोलले कमीच.

गेल्या मे महिन्यात वसईला आलो होतो. ग्राउंडच्या अर्ध्या भागात आता पेव्हर ब्लॉक आणि पार्किंग, वाडीच्या जागी सात मजली. 200 चा ट्रॅक तिथे बसणारच नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

समितीला एक विनंती. पाहुण्यांच्या यादीत मंत्री आहेत, बिशप आहेत, क्रिकेटवाले आहेत, सर नाहीत. लातूर एक्सप्रेसने ते ठाण्याला उतरू शकतात, तिथून घोडबंदरमार्गे गाडी पाठवा, जिना चढायला लावू नका, जेवण शाकाहारी, कांदा-लसूण नको. गाडीचा खर्च माझ्या नावावर लावा.