काहून वं, डचच काहून?

मी मराठी सोडून डच बोलींचा अभ्यास का निवडला, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एकदा नाही, गेली आठ वर्षं विचारताय म्हणून. लग्नाच्या मांडवात, दिवाळीच्या फोनवर, आणि अकोल्याचे मामा तर दर भेटीत: "काहून वं, मराठीत काय कमी होतं? डचच काहून?" मागच्या खेपेला "माय मरो, मावशी जगो" हेही ऐकून झालं.

आजवर मी सांगत आले की शिष्यवृत्ती मिळाली. खरं आहे. पण अर्ज मीच केला होता, कोणी बळजबरीनं विमानात बसवलं नव्हतं.

दुसरं उत्तर जरा विद्वान दिसतं म्हणून मला आवडायचं. गावागणिक शब्द बदलतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण गावागणिक वाक्याची घडण बदलते का, हे डच बोलींत शिस्तीनं तपासलं गेलंय. नेदरलँड्स, बेल्जियमचा उत्तर भाग आणि फ्रान्सचा एक कोपरा धरून 267 ठिकाणी माणसं पाठवली, आणि नुसत्या वाक्यरचनेचा नकाशासंग्रह काढला, 2005 आणि 2008 साली, दोन खंडांत. "त्यानं काम केलंय" यातलं "काम केलं" आधी की "आहे" आधी, एवढ्यावर तिथे संशोधकांच्या पिढ्या गेल्यात. गौणवाक्यात, म्हणजे "तो म्हणाला की..." यातल्या "की"नंतरच्या वाक्यात, डच माणूस दोन्ही म्हणतो आणि आपण कुठलं म्हणतो हे त्याला विचारलं तर गडबडतो. या दोन क्रमांना आजही "लाल" आणि "हिरवा" म्हणतात, कारण 1953 साली अनिता पॉवेल्स या बाईंनी आपल्या कामात ते या दोन रंगांनी दाखवले होते. अशा वेडेपणावर जीव जडणार नाही तर काय!

पण मराठीत असं काही झालंच नाही, हे मी वर जोडायचे, ते मात्र खोटं होतं. भाषाशास्त्रज्ञ अ. मा. घाटगे सरांनी 1960च्या दशकातच मराठीच्या बोलींची पाहणी सुरू केली होती. मला ते माहीत होतं.

तिसरं उत्तर मी अर्जात लिहिलं होतं: परक्या माणसाला जे दिसतं ते घरच्याला दिसत नाही. तेव्हा चोवीस वर्षांची होते. आता ते वाचून कान तापतात. पश्चिम फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमच्या पश्चिम टोकाच्या डच बोलीवरचं सगळ्यात धारदार काम लिलियान हाखेमान या भाषाशास्त्रज्ञ बाईंचं आहे, आणि ती त्यांच्या घरचीच बोली.

आता त्या दुपारबद्दल. हे मी अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही.

फ्रान्सच्या सीमेजवळचं, हीच बोली बोलणारं एक गाव. पंचाहत्तरीचे आजोबा, आयुष्यभर हॉपची शेती केलेले, आणि आजी. या कामातली मोठी अडचण अशी की समोर परका माणूस दिसला की लोक प्रमाण भाषा बोलू लागतात. म्हणून प्रश्न विचारायला त्याच भागातलं कोणीतरी बरोबर न्यायचं असतं. माझ्याबरोबर यायची ती बाई त्या दिवशी आजारी पडली. मी एकटीच गेले. आजोबा अडीच तास माझ्याशी बातम्या वाचणाऱ्यासारखं बोलले. मी खेड्यातल्या शब्दांची, ओढूनताणून शिकलेली वाक्यं टाकून पाहिली. ते हसून आणखी शुद्ध बोलले. आजींनी तिसऱ्यांदा कॉफी ओतली. मधेच आईचा फोन आला म्हणून मी अंगणात गेले. आवाज टिपणारं यंत्र टेबलावर चालूच राहिलं.

रात्री हॉटेलात ऐकलं. मी बाहेर पडल्याबरोबर दोघं आपल्या बोलीत बोलायला लागले होते. आजोबांनी हळूच विचारलं, एकटी आहे का गं ही? आणि आजी म्हणाल्या, "योआस."

त्या बोलीत "हो" एकटं येत नाही, ते कोणाबद्दल हे त्याच्या शेपटीवर असतं. "योआक" म्हणजे हो-मी. "योआत" म्हणजे हो-ते. "योआस" म्हणजे हो-ती. नाव न घेता, बोट न दाखवता. तीन वर्षं मी हा प्रत्यय तक्त्यांत भरत होते, आणि पहिल्यांदा तो कोणीतरी सहज, आपसात बोलताना वापरलेला ऐकला. त्यातली "ती" मी होते.

मी ते किती वेळा ऐकलं ते सांगणार नाही.

त्यांनी सही केलेल्या कागदावर "मुलाखत" असं लिहिलं होतं. मी अंगणात असताना झालेलं बोलणं मुलाखत होतं का? सोबतचा एकजण म्हणाला, नावं काढ आणि वापर. अर्ज लिहिणारी ती चोवीस वर्षांची मुलगीही हेच म्हणाली असती. चार दिवसांनी फोन केला. आजोबा गप्प झाले, फोन आजींकडे गेला. त्या अतिशय शुद्ध डचमध्ये म्हणाल्या, "ते आम्ही तुला नव्हतं सांगितलं." रागावल्या नव्हत्या, ओशाळल्या होत्या. मी तेवढा भाग पुसला. खरं तर त्यात नवीन काहीच नव्हतं, या "हो"बद्दल आधीच भरपूर लिहिलं गेलंय. शास्त्राचं काडीचं नुकसान झालं नाही.

आणि मराठी? मी पुण्यात शिकायला आले तेव्हा वर्गात "मले समजलं नाही" म्हणाले होते. वर्ग हसला. आठ दिवसांत "मले"चं "मला" झालं, "काय करून राहिली"चं "काय करतेस" झालं. मग वऱ्हाडीवर काम कोणत्या तोंडानं करायचं? हे उत्तर आहे की सबब, मला अजून कळत नाही. बरोबरीचे कितीतरी जण असेच हसू झेलून वऱ्हाडीतच लिहितात. म्हणजे सबबच असावी. की नसावी?

मागच्या डिसेंबरात अकोल्याला गेले तेव्हा यंत्र नेलं होतं. मामा-मामींना म्हटलं, काहीही बोला, नेहमीसारखं. मामींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मला असं वाटतं की..."

मामी! "मला"!

थोड्या वेळानं पाणी प्यायला आत गेले. जाताना यंत्र बंद केलं. माठाजवळ उभी असताना बाहेर दोघांचं बोलणं सुरू झालेलं ऐकू आलं, खालच्या आवाजात. शब्द कळत नव्हते. मी तिथेच थांबले, मामींनी हाक मारेपर्यंत.