एक पब, तीन गावं : वुलपॅकच्या मागावर

आई तीन महिन्यांसाठी इंग्लंडमध्ये लीड्सला आली आणि दुसऱ्याच आठवड्यात ‘एमरडेल’ या टीव्ही मालिकेच्या नादाला लागली. यॉर्कशायरचे उच्चार मलाही कधीकधी झेपत नाहीत, तिला तर निम्मं कळायचंच नाही. पण कोण कोणावर फुरंगटलंय आणि कोणाचं कोणाशी जुळतंय, एवढं कळायला भाषा लागते कुठे? महिनाभराने तिने विचारलं, “अगं, तो गुत्ता खरा आहे का?”

गुत्ता म्हणजे वुलपॅक. मालिकेतल्या गावाचा पब. भांडणं तिथे, लग्न ठरणं तिथे, मयताहून परतल्यावर बसणंही तिथेच. आपल्या मालिकांमधली दिवाणखान्यातली सगळी कामं इथे बारसमोर उरकतात. शिवाय गावच्या पारावरची आणि चावडीवरचीही.

मी चौकशी केली तेव्हा कळलं की वुलपॅक एक नाही, तीन आहेत, आणि तिन्ही बघता येतात. मग एक शनिवार-रविवार त्यातच घातला. आम्ही उलट्या क्रमाने गेलो, म्हणजे आधी आजचा, मग मधला, शेवटी पहिला. तुम्हीही असंच करा. का, ते पुढे कळेलच.

शनिवारी सकाळी हेअरवुड, म्हणजे आजचा वुलपॅक. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. लीड्सहून हॅरोगेटला जाणारी ३६ नंबरची बस हेअरवुड हाउसच्या दारात सोडते, पण त्या वाड्याच्या तिकिटात मालिकेचं गाव येत नाही. गाव त्याच इस्टेटीच्या जमिनीवर असलं तरी एरवी बंद असतं. त्याची वेगळी सहल आधी बुक करावी लागते. आठवडाभर चित्रीकरण चालतं म्हणून सहली बहुतेक शनिवार-रविवारच्याच असतात. कुठे जमायचं ते तिकिटावर नीट वाचा, अंदाजाने बस धरू नका. सगळी सहल उघड्यावर आणि चालत असते, तेव्हा छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं, वारा छत्री टिकू देत नाही. वाडाही बघायचा असेल तर वेगळा दिवस ठेवा, आणि बघताना तो कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या कष्टाच्या साखरेवर उभा राहिलाय हे विसरू नका.

गाव दिसलं आणि आई गप्पच झाली. रस्ता, दगडी घरं, चर्च, कोपऱ्यावर वुलपॅकची पाटी. सगळं टीव्हीतलंच. हे गाव १९९७ मध्ये उभारायला घेतलं आणि १९९८ च्या सुरुवातीपासून चित्रीकरण इथे होऊ लागलं. जमीन हरित पट्ट्यातली असल्यामुळे परवानगी मिळाली ती ‘तात्पुरत्या बांधकामा’ची, दहा वर्षांची. त्याला आता किती वर्षं झाली ते तुम्हीच मोजा. आपल्याकडे तात्पुरती शेड कायमची होते तसंच हे, फक्त दगडी.

पण पबच्या आत ना बार ना पिंप. आतली दृश्यं इथून सुमारे १२ किलोमीटरवर लीड्सच्या स्टुडिओत घेतात. म्हणजे माणूस दार ढकलतो हेअरवुडमध्ये आणि बारपाशी पोहोचतो लीड्समध्ये. आईला हे अजिबात आवडलं नाही. तिला आवडलं ते चर्चमागचं कब्रस्तान. मालिकेत मेलेल्या पात्रांचे दगड तिथे रीतसर उभे आहेत. ती एकेकापुढे थांबून बघत होती आणि मागचे लोक खोळंबले होते. २००४ च्या सुरुवातीला कथेतल्या मोठ्या वादळात याच वुलपॅकची पडझड झाली आणि त्यात ट्रिशिया डिंगल हे पात्र मेलं, हे मी सांगितल्यावर हळहळलीसुद्धा. जाताना मला म्हणाली, “आणि ते शर्मा कुठे राहतात?” मालिकेत २००९ मध्ये शर्मा कुटुंब आलं, त्यांचा गोळ्या-मिठायांचा कारखाना होता. पंजाबी आहेत की गुजराती, यावर आमचा परतीच्या वाटेवर वाद झाला.

दुपारी एशोल्ट, म्हणजे मधला वुलपॅक. लीड्सहून अ‍ॅपर्ली ब्रिज स्टेशनपर्यंत ट्रेन, पंधरा मिनिटांच्या आतबाहेर, मग कालव्याच्या काठाने शिपलीच्या दिशेने निवांत तासाभराची चाल. शिपलीच्या दिशेने, हे दोनदा लिहिते, कारण आम्ही उलट दिशेने रॉडलीच्या वाटेला लागलो आणि अर्धा तास चालल्यावर आईनेच विचारलं, “सूर्य मघाशी कुठल्या बाजूला होता?” पावसानंतर काठ चिखलाचा होतो. चपला नकोत.

एशोल्टला जाण्याचं खरं कारण सांगते. मालिका सुरू झाली १६ ऑक्टोबर १९७२ ला, ‘एमरडेल फार्म’ नावाने, दुपारच्या वेळेत. ती लोकप्रिय झाली, चित्रीकरणाचं मूळ गाव लोकांना कळलं, बघे यायला लागले आणि १९७६ मध्ये सगळं बिऱ्हाड इथे हललं. आता पबची इमारत अचानक बदलली हे प्रेक्षकांना कसं सांगायचं? तर कथेत जुन्या वुलपॅकखालची जमीन खचली, इमारत धोकादायक ठरली, आणि मालक एमस ब्रिअर्ली आणि भागीदार हेन्री विल्क्स दुसऱ्या घरात पब घेऊन गेले. मला हे फार आवडतं. अडचण आली निर्मात्यांना, तडे गेले गोष्टीतल्या भिंतीला.

एशोल्टच्या ज्या पबने ही भूमिका केली त्याचं खरं नाव होतं कमर्शियल इन. पुढे त्याने वुलपॅक हेच नाव घेतलं. नटाने पात्राचं नाव लावून घ्यावं तसं. आणि नाव शोभलंही. वुलपॅक म्हणजे लोकरीचा गठ्ठा, जुन्या मापाने २४० पौंडांचा, म्हणजे १०९ किलोच्या आसपास. शेजारचं ब्रॅडफर्ड हे लोकरीचं शहर. तिथे लोकर धुतल्यावर सांडपाण्यात इतकी चरबी यायची की ते शुद्ध करायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरपालिकेने एशोल्टची इस्टेटच घेतली, आणि ती चरबी काढून विकलीही. केंद्र अजून चालू आहे. वारा त्या बाजूचा असेल तर सांगावं लागत नाही.

याच रस्त्यांवर ३० डिसेंबर १९९३ ला पडद्यावर विमान कोसळलं. पाच वर्षांपूर्वी त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये लॉकरबीला खरं विमान पडलं होतं, त्यामुळे टीका खूप झाली, आणि पाहणाऱ्यांचा आकडा गेला १ कोटी ८० लाखांवर. त्यानंतर कथेतल्या गावाने आपलं बेकिन्डेल हे नाव टाकून एमरडेल घेतलं. पुढे इथेही बघ्यांच्या गाड्या मावेनात, म्हणून हेअरवुडचं गाव. पबला दुसऱ्यांदा पळावं लागलं ते आमच्यासारख्यांमुळेच.

पबमध्ये जाताना आई दारात घुटमळली. आयुष्यात पहिल्यांदा. तुमच्याबरोबर कोणी असं असेल तर सांगून ठेवा : इथे आजी, नातवंडं, कुत्री सगळी येतात. टेबलापाशी कोणी विचारायला येईल म्हणून बसून राहू नका, बारपाशी जाऊन मागायचं आणि पैसेही तिथेच द्यायचे. चहा-कॉफी बहुतेक ठिकाणी मिळते. दुपारच्या जेवणानंतर स्वयंपाकघर बंद होऊ शकतं, म्हणून आधी फोन करा, पब त्या दिवशी उघडा आहे ना हेही विचारा. शाकाहारी असाल तर यॉर्कशायरमध्ये चिप्स मागवण्याआधी कशात तळल्यात हे विचाराच. इथे गोमांसाच्या चरबीत तळायची जुनी रीत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. आईने लिंबाचं सरबत घेतलं, म्हणजे इथलं लेमोनेड, आणि “यात लिंबू नाहीच” असा निकाल दिला.

रविवारी आर्नक्लिफ. इथे गाडी हवीच. बस ग्रासिंग्टनपर्यंत मिळेल, पुढे लिटनडेल खोऱ्यात शिरायला तिच्या भरवशावर राहू नका. लीड्सहून साधारण दीड तास. पेट्रोल स्किप्टनला भरा, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, पुढे रेंज दगा देते. किल्नसीचा पुढे झुकलेला चुनखडीचा कडा मागे टाकला की डावीकडे वळायचं. रस्ता एका गाडीचा, दोन्ही बाजूंना नुसते दगड रचलेल्या भिंती. “हे तर आपले गडगे!” आई ओरडली. तिचं माहेर राजापूरकडचं. फक्त तिकडचा दगड लाल, हा करडा. समोरून ट्रॅक्टर आला की तुम्हीच मागे जायचं, हा इथला अलिखित नियम.

या खोऱ्याचं जुनं नाव अमरडेल. मालिकेचं नाव त्यावरूनच. गावात मधोमध हिरवळ, भोवती घरं, आणि हिरवळीकडे तोंड करून फाल्कन इन. हाच पहिला वुलपॅक. बाहेर त्याचा डंका नाही. बिअर पिंपातून जगमध्ये आणि जगमधून पेल्यात ओतायची इथली जुनी पद्धत आहे. मला परत गाडी चालवायची होती, त्यामुळे मी नुसती बघितली, आणि तुमच्यातही एकाला नुसतं बघावं लागेल, ते सकाळीच ठरवून टाका. नंतर नदीकाठच्या सेंट ओसवल्ड चर्चमध्ये जा. १५१३ च्या इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या फ्लॉडनच्या लढाईत या खोऱ्यातून लढायला गेलेल्या माणसांची नावं तिथे लावली आहेत. अंगात दम असेल तर इथून मालहॅम टार्न या तळ्याकडे चढणारी जुनी मंक्स रोड ही पायवाटही आहे.

आम्ही चढलो नाही. आई पबच्या बाहेरच्या बाकावर बसली होती. जरा वेळाने उठली आणि भिंतीपाशी गेली. दगडावर हात ठेवला, मग एक थाप मारली, जरा जोरात.

“हाच ना तो खचलेला?”

“हाच.”

तिने वर छपराकडे बघितलं, खाली जोत्याकडे बघितलं.

“काही झालेलं नाही याला,” ती म्हणाली, आणि मावशीला फोन लावायला निघाली. रेंज नव्हती.